मोह व पवित्रीकरण, ख्रिस्ती : वऱ्हाडातील परंपरा

माणसाच्या स्वाभाविक दुर्बलतेचा आधार घेऊन त्याला ईश्वरी इच्छेपासून ढळविणारे आकर्षण म्हणजे मोह, आणि ईश्वरी कृपेने त्या दुर्बलतेवर मात होऊन अंतःकरण शुद्ध होण्याची क्रिया म्हणजे पवित्रीकरण, अशी या दोन संज्ञांची ख्रिस्ती धर्मशास्त्राला अनुसरून सर्वसाधारण व्याख्या करता येईल. मोह होणे हे पाप नव्हे. त्याला संमती देणे हे पाप, हा भेद बहुतेक सर्व ख्रिस्ती संप्रदायांना मान्य आहे. मतभेद आहे तो पुढील प्रश्नाबाबत : हा झगडा माणसाच्या हयातीत संपतो की मृत्यूपर्यंत चालू राहतो? महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठाम होकारार्थी उत्तर वऱ्हाडात दिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या भागांत ज्या प्रॉटेस्टंट मिशनांनी काम केले, त्यांपैकी तीन महत्त्वाची मिशने अमेरिकेतील ‘पवित्रता-चळवळी’तून निघालेली होती. त्यामुळे कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशातील लहान ख्रिस्ती समाजात, मोहावर पूर्ण विजय मिळविणे शक्य आहे की नाही, हा केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय राहिला नाही; मंडळीचे सभासदत्व, कौटुंबिक चालीरीती आणि व्यक्तीची प्रतिष्ठा या सर्वांशी तो निगडित झाला.

बायबलमधील आधार : मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येशूच्या बाप्तिस्म्यानंतर त्याच्या अरण्यातील चाळीस दिवसांची कथा येते. मार्कने ती अगदी थोडक्यात आटोपली आहे. मत्तय व लूक यांनी मात्र तीन मोहांचा तपशील दिला आहे : भूक भागविण्यासाठी दगडांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाच्या संरक्षणाची खात्री करून घेणे आणि सैतानाला नमन करून जगातील सर्व राज्ये मिळविणे. दोघांच्या क्रमात फरक आहे. मत्तयाची कथा राज्यांच्या मोहाने संपते, तर लूकची मंदिराच्या शिखरावर. शिवाय सैतान योग्य संधी येईपर्यंतच दूर झाला, असे लूक सुचवितो. यांतील एकही मोह उघड दुराचाराचा नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अन्न, श्रद्धा आणि सत्ता या तिन्ही गोष्टी सत्कार्यासाठीही वापरता येतात. मोह चांगल्या हेतूच्या वेषात येतो, ही ख्रिस्ती साधनेतील जुनी जाणीव याच कथेवर उभी आहे.

पौलाच्या रोमकरांस पत्रातील सातव्या प्रकरणात, जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे करू नये तेच घडते, अशी कबुली देणारा ‘मी’ बोलतो. हा ‘मी’ कोण, यावर पुढील सोळा-सतरा शतकांचा वाद उभा राहिला. तो श्रद्धा स्वीकारण्यापूर्वीचा माणूस असेल, तर झगडा हा मागे टाकण्याचा टप्पा ठरतो. तो श्रद्धावंत ख्रिस्ती माणूसच असेल, तर झगडा हेच त्याचे आयुष्य ठरते. वऱ्हाडातील उपदेशकांनी यांपैकी कोणता अर्थ स्वीकारला, हे पुढे येईलच.

मूळ ग्रीक भाषेतील ‘पेइरास्मोस’ या शब्दाला कसोटी व भुरळ असे दोन्ही अर्थ आहेत. प्रभूच्या प्रार्थनेतील या शब्दाच्या भाषांतराचा वाद एकविसाव्या शतकातही चालू राहिला. देवच माणसाला मोहात नेतो असा समज होऊ नये, म्हणून कॅथलिक चर्चच्या फ्रेंच पाठात २०१७ मध्ये आणि इटालियन पाठात २०२० मध्ये बदल करण्यात आला. मराठी बायबलमध्ये प्रसंगानुसार ‘परीक्षा’ व ‘मोह’ हे दोन्ही शब्द आलेले आहेत. तथापि त्यांमुळे वेगळीच अडचण निर्माण झाली. मराठी श्रोत्याच्या कानी ‘मोह’ हा षड्रिपूंपैकी एक होय. त्याचा अर्थ बुद्धीला पडलेली भूल, आप्तांविषयीची आसक्ती; रणभूमीवर अर्जुनाला झाला तो मोह. पापाकडे ओढणारी दुष्ट प्रेरणा हा अर्थ त्यात मुळात नव्हता. मिशनऱ्यांच्या व मराठी ख्रिस्ती लेखकांच्या वापराने तो हळूहळू रुजला. यवतमाळच्या जंगलपट्टीत तर ‘मोह’ हे एका झाडाचेही नाव आहे आणि त्याच्या फुलांची दारू गाळतात. झाडाचे नाव संस्कृत ‘मधूक’ या शब्दापासून आलेले असून त्याचा मनाच्या मोहाशी व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध नाही. परंतु व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्याला या शब्दसाम्याची भुरळ न पडली तरच नवल.

मोहाची मीमांसा : इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी चौथ्या शतकात मोहाचा बारकाईने अभ्यास केला. अंतोनी (सु. २५१–३५६) याचे चरित्र अथनेशियसने लिहिले आणि त्यातील सैतानाशी झालेल्या झुंजींची वर्णने युरोपीय चित्रकलेचा आवडता विषय झाली. एव्हेग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–९९) याने साधकाला छळणारे आठ विचार सांगितले : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, मरगळ, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने या यादीत फेरफार करून मत्सराचा समावेश केला व त्यातूनच पुढे सात महापातकांची यादी रूढ झाली. काम, क्रोध, लोभ, मद व मत्सर हे पाच विकार या परंपरेत व षड्रिपूंत समान आहेत. ख्रिस्ती यादीत ‘मोह’ नाही, कारण तेथे तो एक विकार नसून सर्व विकारांचे द्वार आहे. उलट भर दुपारी साधकाला घेरणारी, कोठडी सोडून जावेसे वाटायला लावणारी मरगळ षड्रिपूंत नाही. योगसूत्रांतील अंतरायांत मात्र आलस्य व प्रमाद यांच्या रूपाने ती भेटते. हे साम्य कोणी कोणाकडून घेतल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही. एकांतात बसणाऱ्या माणसाला सर्वत्र जवळपास तेच अनुभव येतात.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून आलेल्या पेलेजिअसने, माणूस इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप राहू शकतो, असा विचार मांडला. ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला कडवा विरोध केला. आदामाच्या पतनामुळे मानवी इच्छाच पंगू झाली असून कृपेवाचून ती सत्कर्माकडे वळू शकत नाही, हे त्याचे म्हणणे ४१८ च्या कार्थेज परिषदेत मान्य झाले. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने त्यापुढे जाऊन, श्रद्धावंत हा एकाच वेळी नीतिमान व पापीही असतो, असे प्रतिपादन केले. ऑगस्टीन व ल्यूथर यांच्या मते पौलाचा ‘मी’ हा ख्रिस्ती माणूसच होय.

वेस्लीचा परिपूर्णतेचा सिद्धांत : मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने या बाबतीत वेगळी वाट धरली. पौलाचा ‘मी’ हा नियमशास्त्राखाली दडपलेला, अद्याप मुक्त न झालेला मनुष्य आहे, असे त्याने मानले. ख्रिस्ती माणसाचे हृदय याच जन्मात देवाविषयीच्या व माणसांविषयीच्या प्रेमाने इतके भरून जाऊ शकते, की पापाला तेथे जागा उरत नाही, या मताचे विवरण करणारा त्याचा ग्रंथ १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘परिपूर्णता’ या शब्दामुळे त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला, पण त्याने शब्द सोडला नाही. मात्र त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या. ज्ञात ईश्वरी नियमाचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन हेच खऱ्या अर्थाने पाप होय. अज्ञान, विसराळूपणा, चुकीचा निर्णय, मंद आकलन, शरीराचे विकार या दुर्बलता होत. त्या परिपूर्ण माणसातही राहतात आणि त्यालाही क्षमेची गरज असते. तो मोहापासूनही मुक्त नसतो. स्वतःला ही अवस्था प्राप्त झाली आहे, असा दावा वेस्लीने केला नाही.

या सूक्ष्म भेदांचे भान सुटले की काय होते, ते त्याला स्वतःच्या हयातीतच पाहावे लागले. लंडनमधील जॉर्ज बेल नावाचा अनुयायी, आपण देवदूतांप्रमाणे पूर्ण झालो आहोत, असे सांगू लागला. २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होईल, असे भाकितही त्याने केले. वेस्लीला त्याच्याशी संबंध तोडावे लागले. पुढील काळात पवित्रतेचा दावा जेथे जेथे झाला, तेथे तेथे हा धोका सावलीसारखा बरोबर राहिला.

सिद्धांतापेक्षा वेस्लीने घालून दिलेली व्यवस्था अधिक टिकाऊ ठरली, असे दिसते. ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडण्यात आले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी जमा करण्याचे काम गटप्रमुखाकडे देण्यात आले. पैसे गोळा करण्यासाठी घरोघर जाणाऱ्या प्रमुखांना कोठे दारू चालते, कोठे भांडणे आहेत, हे दिसू लागले. त्यातून ‘वर्गसभा’ निर्माण झाली : आठवड्यातून एकदा एकत्र बसावयाचे, आणि प्रत्येकाने आपला जीव कसा आहे, हे इतरांपुढे सांगावयाचे. कर्जफेडीच्या हिशेबातून आत्म्याच्या हिशेबाची ही पद्धत निघाली, हा धर्मेतिहासातील एक गमतीदार योगायोग म्हटला पाहिजे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या शिकवणीला वेगळे वळण लागले. न्यूयॉर्कच्या फीबी पामर (१८०७–७४) यांनी, सर्वस्व वेदीवर अर्पण करावे व श्रद्धेने त्याच क्षणी पवित्रीकरण प्राप्त झाल्याचे मानावे, असे शिकविले. वेस्लीच्या दृष्टीने बहुधा दीर्घ प्रतीक्षेनंतर लाभणारी अवस्था आता एका सभेत, एका रात्रीत मिळू लागली. १८६७ मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे पवित्रतेच्या प्रसारासाठी भरलेल्या मोठ्या तंबू-मेळाव्यापासून ही चळवळ देशभर पसरली. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स (१८२३–९३) यांनी १८६० मध्ये स्थापन केलेले फ्री मेथडिस्ट चर्च हे या वातावरणातलेच. त्याच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाला अनेक अर्थ होते : गुलामगिरीला विरोध, गुप्त संघटनांपासून अलिप्तता आणि उपासनामंदिरात बसण्याच्या जागा पैसे घेऊन श्रीमंतांना न देणे. सभासदांना दारू, तंबाखू, सोन्याचे दागिने व उंची पोशाख वर्ज्य होते.

वऱ्हाडातील मिशने : वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. फ्री मेथडिस्ट चर्चचे पहिले परदेशी प्रचारक अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ च्या आरंभी हिंदुस्थानात आले. त्यांच्या चर्चचे परदेशातील काम तेव्हा नीटसे संघटित झालेले नव्हते. ठराविक वेतनावाचून, देणगी येईल तीवर निर्वाह करण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. बऱ्हाणपूर येथे त्यांनी आरंभ केला. पुढे वऱ्हाडात काम वाढून यवतमाळ हे या मिशनचे मुख्य केंद्र बनले. भरतखंडाचे नाव शीर्षकात असलेले या दांपत्याच्या आठवणींचे पुस्तक १९०८ मध्ये निघाले.

यवतमाळ हे त्या काळी वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग होईपर्यंत मुंबई–नागपूर मार्गावरील धामणगाव हे यवतमाळला सोयीचे स्थानक होते आणि तेथून येणारा रस्ता बाभुळगाववरून जातो. बाभुळगाव, कळंब यांसारख्या बाजारगावांचे महत्त्व मिशनच्या दृष्टीने यातच होते. हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडावयाचे, आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभे राहून गाणी म्हणावयाची, शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकावयाच्या, ही त्या काळच्या सर्वच मिशनांची पद्धत होती. कापसाच्या वेचणीचा हंगामही हाच. हातात रोख पैसा खुळखुळण्याचा आणि म्हणून दारूच्या दुकानांच्या भरभराटीचाही हाच काळ. मोहावरील प्रवचनाला याहून योग्य वेळ व स्थळ क्वचितच मिळाले असते. पण बाजाराला आलेला माणूस प्रवचन ऐकण्यासाठी आलेला नसतो, हेही तितकेच खरे.

फ्री मेथडिस्टांच्या शेजारी आणखी दोन मिशने होती. ए. बी. सिम्पसन (१८४३–१९१९) यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोला, अमरावती, खामगाव या भागांत काम केले. बुलढाणा व वाशीमकडील मिशन पुढे चर्च ऑफ द नाझरीन या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकेत टेक्सस राज्यातील पायलट पॉइंट येथे १९०८ मध्ये झालेल्या एकीकरणातून या चर्चला त्याचे सध्याचे स्वरूप आले. तिन्ही मिशने पवित्रीकरणाला सर्वोच्च स्थान देत असली, तरी त्यांच्यात एक महत्त्वाचा फरक होता. फ्री मेथडिस्ट व नाझरीन यांच्या मते पापक्षमेनंतर होणाऱ्या दुसऱ्या कृपाकार्यात पापप्रवृत्तीचे मूळच हृदयातून नाहीसे होते. सिम्पसन यांना ‘समूळ उच्चाटन’ हा शब्दप्रयोग पसंत नव्हता. ख्रिस्त माणसाच्या अंतरी वस्ती करतो व तोच विजय मिळवून देतो, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या मताप्रमाणे माणूस बदलतो. दुसऱ्याप्रमाणे माणूस होता तसाच दुर्बल राहतो, पण एकटा राहत नाही. शेजारच्या जिल्ह्यात राहणाऱ्या दोन ख्रिस्ती कुटुंबांना हा फरक शब्दांत सांगता आला नसेल; परंतु पवित्रीकरणाची साक्ष दिल्यानंतर एखाद्याचा तोल पुन्हा सुटला तर त्याने काय समजावयाचे, हे त्यावर अवलंबून होते. मूळच गेले असे ज्याने चारचौघांत सांगितले, त्याला क्रोध आला की दोनच वाटा उरत : आपली साक्षच खोटी होती असे मानावयाचे, किंवा क्रोधाला क्रोध न म्हणता धार्मिक आवेश म्हणावयाचे. पहिल्या वाटेवर निराशा होती, दुसऱ्या वाटेवर दंभ. वेस्लीने पाप व दुर्बलता यांत केलेला भेद येथे उपयोगी पडला असता. तथापि तंबू-मेळाव्यांच्या धामधुमीत तो मागे पडला, असे चळवळीच्या एकूण इतिहासावरून म्हणावे लागते.

आचारनियम : अमेरिकेत ठरलेले नियम वऱ्हाडात आले तेव्हा त्यांचे अर्थ बदलले. सोन्याचा त्याग हा न्यूयॉर्कच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने डामडौलाचा त्याग होता. मराठी स्त्रीच्या अंगावरचा दागिना मात्र तिची अडीअडचणीची पुंजी, बहुधा तिच्या एकटीच्या मालकीची एकमेव चीज आणि सौभाग्याची खूण असतो. तो उतरविणे म्हणजे गर्व उतरविणे की आधार सोडणे, हा प्रश्न त्या नियमाच्या कर्त्यांपुढे कधीच आलेला नव्हता. दारूबंदीचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यात गोंड व कोलाम या जमातींची वस्ती मोठी असून मोहाच्या फुलांची दारू त्यांच्या देवकार्यात, लग्नात व मर्तिकात लागते. तिला नकार देणे हा केवळ व्यसनाचा त्याग नव्हता. तो जातगोतापासून अलग होणे होता. उलट, ज्या घरात मजुरीचा पैसा गुत्त्यावर जात होता, त्या घरातील बायकांना हाच नियम मुक्तिदायी वाटला असल्यास नवल नाही. तंबाखूचा निषेध मात्र फारसा मनावर घेतला गेला नसावा. विड्या वळणे व ओढणे हा या प्रदेशाच्या दिनक्रमाचाच भाग होता.

मुक्ती सदनातील जागृती : १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा यांना आपल्याबरोबर आणले आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झालेला होता. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र नंतर सापडला, अशा आशयाचे आत्मनिवेदन त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. पवित्रता-चळवळीचा त्यांच्या विचारांवरील ठसा त्यात स्पष्ट दिसतो. वेल्समध्ये १९०४-०५ साली झालेल्या धर्मजागृतीच्या वार्ता ऐकून त्यांनी केडगावला प्रार्थनागट सुरू केले. २९ जून १९०५ च्या रात्रीपासून तेथे जे घडले, त्याची हकीकत जगभर गेली. मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे उघडपणे सांगू लागल्या. अंगात अग्नी पेटल्यासारखे वाटते, असे काहींनी सांगितले. मुक्ती सदनात काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी या अनुभवांच्या आधारे पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात तिला स्थान आहे.

या कबुल्यांकडे पाहताना त्या देणाऱ्यांचे वय व पूर्वायुष्य विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी ज्या मुली भुकेने मरणाच्या दारात होत्या, त्या आता आपल्या लबाड्या व चोऱ्या आठवून शोक करीत होत्या. दुष्काळात घासभर अन्न चोरणे हे पाप की दुर्बलता, याचा निर्णय वेस्लीच्या निकषानेही सोपा नाही. दुसऱ्या बाजूने, जिच्या दुःखाची आजवर कोणी दखल घेतली नव्हती, तिच्या मनातील बरे-वाईट इतक्या गांभीर्याने ऐकले जाणे, हीच त्या मुलींच्या दृष्टीने मोठी गोष्ट असली पाहिजे. तिचे पाप मोजले गेले, म्हणजे तीही मोजली गेली.

मराठी ख्रिस्ती साहित्यातील प्रवाह : वऱ्हाडातील मिशनांचा सूर विजयाचा होता, मराठी ख्रिस्ती लेखनाचा सूर मात्र बहुतांशी झगड्याचा राहिला. त्याची परंपरा जुनी आहे. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांनी १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणात आदाम व एवा यांच्या पतनापासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत मराठीत आणली, पापविचार त्यामुळे पहिल्यापासूनच पुराणाच्या वळणाने आला. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे (१८२५–९५) हे काशीचे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा मोह बुद्धीचा होता. शंका त्यांना अखेरपर्यंत सोडीनात. अँग्लिकन संन्याशांच्या संघात त्यांनी उमेदवारी केली, पण अंतिम व्रत घेतले नाही. रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळविण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. स्वतःच्या मनाची खात्री नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मनाची खात्री पटवावी, यात विसंगती वाटते. कदाचित ज्याने शंका भोगल्या त्याचाच युक्तिवाद पटतो.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा प्रवास विदर्भाच्या वाटेवर सुरू झाला. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांतील ‘मी’ हा पतित, व्याकूळ, वारंवार घसरणारा व वारंवार उठविला जाणारा भक्त आहे; रोमकरांस पत्रातील ‘मी’शी त्याचे नाते सहज जुळते. पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात (१९३४–३७) टिळकांचा तापटपणा, उधळेपणा व तितकीच पराकोटीची करुणा लपविलेली नाही. त्याच ग्रंथात लक्ष्मीबाईंनी सोवळ्या-ओवळ्याशी व जातिभेदाशी झालेला स्वतःचा झगडाही सांगितला आहे. त्यांचा बाप्तिस्मा पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. दारू व तंबाखू यांची यादी करणाऱ्या आचारसंहितांत जातीचा अभिमान या मोहाला क्वचितच पहिले स्थान मिळाले. मराठी ख्रिस्ती समाजाला मात्र त्याच्याशीच सर्वाधिक झुंजावे लागले, आणि या प्रकरणी लक्ष्मीबाईंची साक्ष कोणत्याही धर्मशास्त्रीय प्रबंधाहून मोलाची आहे.

उत्तरकाल : यवतमाळ येथे १९५३ मध्ये निरनिराळ्या चर्चच्या सहकार्याने युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था उभी राहिली. तेथे वेस्लीची परंपरा मानणारे व ती न मानणारे प्रॉटेस्टंट एकत्र अध्ययन करू लागले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यास हलली. तीस वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांतील ख्रिस्ती उपदेशक यवतमाळला शिकत होते, याची आठवण मराठी वाचकांत फारशी राहिलेली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा वऱ्हाडातील ही तिन्ही चर्च त्यात विलीन न होता स्वतंत्र राहिली. जागतिक पातळीवर ल्यूथरन व कॅथलिक चर्चनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी १९९९ मध्ये संयुक्त जाहीरनामा काढला होता. जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ मध्ये त्याला संमती देताना पवित्रीकरणावरील आपला भर वेगळा नोंदविला.

उपासनेच्या पातळीवर झगड्याचे रूप अधिक साधे आहे. वेस्लीने १७५५ मध्ये लंडन येथे करारनाम्याची उपासना घेतली. देवाशी केलेला करार सर्वांनी एकत्र येऊन पुन्हा स्वीकारावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पुढे मेथडिस्टांत ती वर्षारंभी होऊ लागली. त्याच परंपरेतील जागरण-उपासना ३१ डिसेंबरच्या रात्री मराठी मंडळ्यांतही होते. सरत्या वर्षातील चुकांची मूक कबुली, काहींच्या साक्षी, गाणी आणि मध्यरात्रीनंतर परस्परांना शुभेच्छा असा तिचा साधारण क्रम असतो. पवित्रीकरण झाल्याची साक्ष पूर्वी दिलेले वृद्धही त्या रात्री इतरांबरोबर गुडघे टेकतात.